मुंबई महानगराचा सुरुवातीचा हिवाळा कॅमेऱ्यात कसा टिपावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ठाण्यात राहता. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबर संपेपर्यंत मुंबई आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातील हवामान कसे पालटते, हे छायाचित्रांतून दाखवण्याची आपली इच्छा आहे; परंतु हाती येणारी बहुतेक चित्रे राखाडी आणि सपाट असतात. कोठे आणि कधी जावे, कॅमेरा कसा लावावा आणि या कामासाठी आणखी एखादी लेन्स घ्यावी का, असे आपण विचारले आहे. तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असल्यामुळे आधी त्याविषयी सविस्तर लिहितो.

भारतीय हवामान विभागाच्या सरासरी तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतर काही आठवडे कडक उकाडा असतो, आणि नोव्हेंबरमध्येही सांताक्रूझला दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे या दिवसांत शाली, शेकोट्या आणि गारठा शोधत फिरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. या काळात खऱ्या अर्थाने बदलते ती हवा. तिच्यातील बाष्प कमी होत जाते, धूळ आणि धूर वाढतो, रात्रीचे आकाश निरभ्र राहू लागते आणि वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा उलटते. आपण छायाचित्र घेतो ते या हवेचे. समोरची इमारत, खाडी किंवा डोंगर हे तिचे माप असते. एकदा हे लक्षात घेतले की ‘राखाडी’ ही तक्रार राहत नाही, तो विषयच होतो, आणि कोणता राखाडी रंग कोणत्या वेळी उमटतो हे पाहण्याकडे आपले लक्ष वळते.

मुंबईच्या हिवाळी दिवसाचा क्रम साधारण असा असतो. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकू लागते, जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. थंड हवा जड असल्याने वर जात नाही, आणि तिच्यात मिसळलेला वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व कचरा जळल्याचा धूर खालीच कोंडला जातो. पहाटे वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, अगदी मंद गतीने वाहत असतो. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापू लागली की हा थर विस्कटतो, दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो, आणि तो पश्चिम किनाऱ्यापासून आत सरकत शहराची हवा धुऊन काढतो. म्हणूनच एकाच दुपारी मरीन ड्राइव्हवर क्षितिज स्वच्छ दिसत असताना कल्याण-डोंबिवलीकडे पिवळसर पडदा तसाच असू शकतो. समुद्राचा वारा उशिरा आला तर दुपार अधिक तापते आणि शहर अधिक वेळ धुरकट राहते. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईची हवा दिवसेंदिवस वाईट राहिली, त्या काळात वाऱ्याचा मंदपणा हे एक मोठे कारण म्हणून पुढे आले होते.

या क्रमातून दोन गोष्टी निघतात. धुरक्याचा थर दाखवायचा असेल तर सकाळी सात ते नऊ ही वेळ आणि उंचावरची जागा हवी. दूरपर्यंत स्वच्छ दृश्य हवे असेल तर दुपारी तीननंतरची वेळ आणि पश्चिम किनारा, किंवा पश्चिमेकडून प्रकाश पडणारे पूर्वेचे डोंगर हवेत. बहुतेक लोक नेमके उलट करतात. सकाळी लवकर उठून सूर्याच्या दिशेने डोंगरांचे चित्र घेतात आणि डोंगर दिसत नाहीत म्हणून निराश होतात. हवेतील धुळीचे कण प्रकाश प्रामुख्याने पुढच्या दिशेने विखुरतात, त्यामुळे सूर्य समोर असताना धुरके सर्वांत दाट भासते आणि सूर्य पाठीशी असताना तीच हवा बरीच पातळ वाटते. ठाण्याहून आग्नेयेकडे पाहिल्यास मुंब्र्याची पारसिक टेकडी, तिच्यामागे मलंगगड आणि सर्वांत मागे माथेरानची पठारासारखी कड अशी एकामागे एक रेषा लागते. सकाळी हीच रेषा कागदी कातरणांसारखी फिकट होत जाते. सायंकाळी सूर्य पाठीशी आल्यावर त्याच डोंगरांच्या घळी आणि कडे उजेडात येतात. एकाच दिवसाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर हवेविषयी जे कळते, ते सुट्या चित्रांच्या मोठ्या ढिगातूनही कळत नाही.

त्यासाठी माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की आपण एक जागा कायमची ठरवावी. इमारतीची गच्ची असेल तर उत्तम, कारण पहाटे कोणाची परवानगी न मागता तेथे जाता येते. कॅमेऱ्याची दिशा, फोकल लेंथ (मिलिमीटरमधले ते माप, ज्यावर दृश्य किती जवळ दिसते हे ठरते) आणि चौकट कायम ठेवावी, आणि चौकटीत वेगवेगळ्या अंतरांवरच्या ओळखीच्या खुणा याव्यात: जवळची एखादी पाण्याची टाकी, मधली टेकडी, मागचा डोंगर. माथेरान मुंबई-ठाण्यापासून सरळ रेषेत साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर आहे. ते ज्या दिवशी स्पष्ट दिसते तो दिवस महानगराच्या दृष्टीने असामान्य स्वच्छ समजावा. पारसिक टेकडीही ज्या सकाळी नाहीशी होते त्या दिवशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरील हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहावा आणि चित्रासोबत नोंदवून ठेवावा. ऑक्टोबरच्या अखेरीस हिरवा असलेला डोंगराचा उतार डिसेंबरमध्ये गवत वाळून पिवळा पडतो. चौकट कायम असल्यामुळे तो बदलही आपोआप नोंदला जातो.

धुरक्याच्या थराचा वरचा काठ हा मला या ऋतूतील सर्वांत मोलाचा विषय वाटतो. जमिनीवरून तो दिसत नाही, कारण आपण त्याच्या आत असतो. येऊरच्या डोंगरावरून, खारघरच्या टेकड्यांवरून किंवा एखाद्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून पाहिल्यास खाली तपकिरी पट्टा आणि वर एकदम निळे आकाश अशी जवळजवळ आडवी रेषा दिसते, आणि काही उंच इमारतींची डोकी तिच्यावर आलेली असतात. सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानवरून हे दृश्य अधिक विस्तृत दिसते, विशेषतः पश्चिमेकडे उघडणाऱ्या पॉइंटांवरून. रेषा ठळक येण्यासाठी वाइड अँगल लेन्स निरुपयोगी ठरते. १०० ते ३०० मिलिमीटरच्या दरम्यानची फोकल लेंथ वापरून त्या काठाचाच एक तुकडा उचलावा, आणि प्रकाश बाजूने येत असेल अशी दिशा निवडावी. हा थर किती उंचीवर आहे याचा अंदाज घ्यायचा असल्यास सांताक्रूझहून पहाटे साडेपाचच्या सुमारास सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्याच्या नोंदी पाहता येतात. त्यात उंचीनुसार घटणारे तापमान ज्या ठिकाणी उलट वाढू लागलेले दिसते, तेथे या थराचे झाकण असते.

धुके ही याहून वेगळी गोष्ट आहे. मुंबई बेटावर खरे धुके क्वचित पडते, परंतु उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे बदलापूर, वांगणी, नेरळ, भिवपुरी आणि कर्जत या पट्ट्यात, तसेच टिटवाळ्यापासून कसाऱ्याच्या बाजूला ते हिवाळ्यात वारंवार येते आणि मध्य रेल्वेच्या पहाटेच्या गाड्यांना उशीर होतो. सांताक्रूझचे किमान तापमान कुलाब्यापेक्षा निरभ्र रात्री काही अंशांनी खाली जाते, आणि समुद्रापासून दूर असलेला बदलापूर-कर्जतचा भाग त्याहूनही थंड होतो. अवकाळी सरी पडून गेल्या असतील किंवा भाताची खाचरे अजून ओलसर असतील, रात्री आकाश स्वच्छ असेल आणि वारा जवळजवळ नसेल, तर पहाटे धुक्याची शक्यता चांगली असते. आदल्या रात्री दहाच्या सुमारास त्या भागातील तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते) यांच्यात तीन-चार अंशांपेक्षा कमी फरक असेल तर पहाटेची पहिली गाडी पकडावी. फरक सात-आठ अंशांचा असेल तर झोपमोड करू नये.

धुके पाहायला जाताना सूर्योदयाच्या आधी पोहोचणे आवश्यक आहे, कारण अनेकदा सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ते अधिक दाट होते आणि मग तास-दीड तासात विरते. विरण्याची वेळ सर्वांत समृद्ध असते. कापणी झालेल्या खाचरांवर धुके कमरेइतके उरते, भाताच्या उडव्या आणि बांधावरची झाडे त्यातून वर येतात, आणि मागे चंदेरीचा सुळका किंवा माथेरानची कड उजळते. याच काळात भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल पेरला जातो, तेव्हा शेतात माणसेही असतात. त्यांच्या कामात अडथळा न आणता, बांधावरून आणि विचारून चित्र घ्यावे. डिसेंबरअखेरीपासून रायगडच्या बाजूला पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याचा बेत) लावली जाऊ लागली की सायंकाळी तिचा धूर काही हात वर जाऊन आडवा पसरतो. शहरावरच्या थराचे कारण आणि या धुराच्या आडव्या पट्ट्याचे कारण एकच आहे, म्हणून माझ्या मते आपल्या मालिकेत असे एखादे चित्र अवश्य असावे.

धुके आणि धुरके यांत गल्लत होऊ देऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. शहरावरचा तपकिरी थर दाखवून खाली ‘धुक्याची दुलई’ असे लिहिलेली चित्रे दरवर्षी पाहायला मिळतात, आणि ज्या हवेने लोकांना खोकला होतो तिला त्यामुळे एक सुखद नाव मिळते. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. धुक्यात हवेची सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते, गवत आणि गाड्यांच्या काचा ओल्या असतात, रंग पांढरा असतो आणि ऊन चढताच ते विरते. धुरक्यात आर्द्रता साठ-सत्तर टक्केही असू शकते, पृष्ठभाग कोरडे असतात, सूर्याच्या बाजूला रंग पिवळसर किंवा तपकिरी असतो आणि ते दुपारपर्यंत टिकू शकते. दोन्ही एकत्र आल्यास तसेच लिहावे. चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या दिशेला पाहिले हे लिहिण्याची सवय लावून घ्यावी; काही वर्षांनी या मालिकेचे मोल त्या ओळींवर अवलंबून असेल.

आता पावसाविषयी. हिवाळ्याच्या सुरुवातीला अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे तयार होतात, आणि त्यांतील काहींचा मुंबईला स्पर्श होतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०१७च्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ने मुंबईत पाऊस आणला, महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर आलेल्या अनुयायांची शिवाजी पार्कवरील चिखलामुळे शाळांमध्ये सोय करावी लागली होती. डिसेंबर २०२१च्या आरंभीही मुंबईत अवकाळी पाऊस झाला, आणि २०२३ मध्ये दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी पडलेल्या सरींनी शहराची बिघडलेली हवा काही काळ स्वच्छ केली. वादळाच्या काळात किनाऱ्यावर जाऊ नये, आणि प्रशासनाने मनाई केली असेल तर मुळीच नाही. छायाचित्रकाराने लक्ष द्यावे ते आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवर.

आधीच्या दिवसांत उंच तंतुमेघ येतात आणि त्यांच्यातील हिमस्फटिकांमुळे सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती २२ अंश त्रिज्येचे खळे दिसते. ते पूर्ण मावायचे तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लागते. सूर्य एखाद्या खांबाच्या किंवा घुमटाच्या मागे लपवावा. नंतर मधल्या उंचीवरचे ढग आकाश व्यापतात आणि रात्रीचे तापमान घटण्याऐवजी वाढते, कारण ढग जमिनीची उष्णता अडवतात. पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली कोरडी दुपार ही संपूर्ण मोसमातील सर्वांत स्वच्छ दुपार असते. त्या दिवशी शक्य असल्यास सर्व कामे बाजूला ठेवावीत. पूर्वेकडच्या उंच जागेवरून प्रबळगड, माथेरान आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका ओळखता येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच देखावा पुन्हा पुसट होऊ लागतो. हे पुसट होत जाणे सलग तीन-चार दिवस एकाच चौकटीत टिपावे. हवामानाचा बदल दाखवणारी याहून स्पष्ट मालिका मला माहीत नाही.

सूर्याच्या जागेकडेही आपण लक्ष द्यावे, कारण येथे इतर देशांतील पुस्तकांमधले सल्ले फसवतात. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातील सर्वांत लहान दिवशीही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. थंड देशांतल्या हिवाळ्यात दिवसभर तिरपा प्रकाश मिळतो, तसा येथे मिळत नाही. उगवल्यानंतर साधारण सव्वा तासात सूर्य १५ अंशांवर जातो आणि मृदू प्रकाश संपतो. संधिप्रकाशही आखूड असतो: सूर्यास्तानंतर सुमारे पाव तासाने आकाशाची निळाई आणि रस्त्यावरचे दिवे जुळतात आणि पुढच्या आठ-दहा मिनिटांत हा मेळ मोडतो, म्हणून ट्रायपॉड आणि चौकट आधीच तयार हवी. सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिरा होत सव्वासातपर्यंत जातो.

डिसेंबरमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि तितकाच पश्चिमेपासून दक्षिणेकडे मावळतो. त्यामुळे ओळखीच्या जागा बदलतात. गेट वे ऑफ इंडियासमोरून उन्हाळ्यात सूर्योदय घारापुरीच्या बाजूला होतो, तर डिसेंबरमध्ये तो उरणच्या बाजूला सरकतो. नरीमन पॉइंटकडून पाहिल्यास सूर्य मलबार हिलपासून दूर, उघड्या समुद्रात मावळतो. शिवडीहून डिसेंबरमधला सूर्य साधारण अटल सेतूच्या दिशेने वर येतो; २१.८ किलोमीटर लांबीचा, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सेतू सकाळच्या धुरक्यात टप्प्याटप्प्याने कसा नाहीसा होतो, हे हवेची घनता दाखवण्यासाठी फार उपयोगी पडते. ठाण्याहून याच दिवसांत सूर्य मलंगगड आणि माथेरान यांच्या बाजूला उगवतो, म्हणजे आपल्या कायमच्या चौकटीतच. दिशा दाखवणारे कोणतेही चांगले ॲप वापरून आपल्या नेमक्या जागेवरून हे पडताळून घ्यावे, कारण एक-दोन किलोमीटर सरकल्यावर जवळच्या खुणांची दिशा बदलते.

शिवडी आणि ठाणे खाडीचा विषय निघाला म्हणून पक्ष्यांविषयी थोडेसे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून दिसू लागतात, परंतु मोठे थवे नव्या वर्षात येतात, त्यामुळे सुरुवातीच्या हिवाळ्यात त्यांच्यावर सारी भिस्त ठेवू नये. कुरव पक्षी मात्र लवकर येतात आणि धुरक्यातल्या पाण्यावर ते फार सुंदर दिसतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय खाडीकडे जाणे व्यर्थ आहे.

सूर्यास्ताच्या वेळी एकदा पश्चिमेकडे पाठ करून पाहावे, अशीही सूचना करतो. अपोलो बंदराहून किंवा ठाणे खाडीच्या काठावरून पूर्वेकडे पाहिल्यास, हवा बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा चढताना दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी कड असते. तो पृथ्वीच्या सावलीचा पट्टा असतो. धुरक्याच्या दिवशी तो दिसत नाही, आणि पावसानंतरच्या दिवशी अगदी ठळक दिसतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत नियम थोडे आहेत. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात, चित्रे घ्यावीत. धुके किंवा उजळ धुरके चौकटीत भरले असेल तर कॅमेऱ्याचे मोजमाप त्याला करड्या रंगाकडे ओढते, आणि आपली चित्रे मळकट दिसण्याचे हे एक कारण नक्की असणार; म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजळ-गडद भागांचा आलेख, उजवीकडे, पण काठाला न टेकता, ठेवावा. सूर्यबिंब चौकटीत असेल तर लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम पाहावा, कारण धुरक्यातील सूर्यात लाल रंग इतर दोहोंच्या आधी फुटतो आणि बिंबाच्या जागी रंगहीन डाग उरतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेचा समतोल) ‘ऑटो’ ठेवल्यास कॅमेरा प्रत्येक चित्रात तपकिरी छटा आपल्या मताने काढून टाकतो; ती छटा हाच आपला विषय असल्यामुळे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कायम ठेवावा, म्हणजे निरनिराळ्या दिवसांची तुलना प्रामाणिक राहील. धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो, तेव्हा एखाद्या खोडाच्या किंवा खांबाच्या कडेवर फोकस करून तो हाताने कायम करावा. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८च्या आसपास पुरेसे आहे. सपाट आकाश असताना एफ १६वर सेन्सरवरील धुळीचा प्रत्येक ठिपका दिसतो. टेलिफोटो लेन्समधून सूर्याकडे पाहताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर वापरू नये. बिंब लाल आणि मंद वाटले तरी डोळ्याला इजा होऊ शकते.

पोलरायझर फिल्टरकडून अनेकांच्या अपेक्षा चुकीच्या असतात. हवेच्या रेणूंनी विखुरलेला निळा प्रकाश तो सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेला चांगला रोखतो, परंतु धूळ आणि धुराच्या मोठ्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावर त्याचा परिणाम अल्प असतो. म्हणजे पावसानंतरच्या दिवशी तो कामाचा आहे, धुरक्याच्या सकाळी जवळजवळ नाही.

मोबाइलवर चित्रे घेत असाल तर ‘प्रो’ पद्धत वापरून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कायम करावा. सामान्य पद्धतीत मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून धुरके स्वतःच कमी करतो.

ओलाव्याविषयी सांगणे आवश्यक आहे. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हवेचा दवबिंदू बरेचदा वातानुकूलित खोलीच्या तापमानापेक्षा वर असतो, म्हणून अशा खोलीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर लगेच बाष्प जमते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच उघडावा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी होतो, पण नवा सुरू होतो: नदीकाठी पहाटे उघड्या आकाशाखाली ट्रायपॉडवर ठेवलेल्या लेन्सची पुढची काच स्वतः थंड होते आणि तिच्यावर दव बसते. लेन्स हूड लावल्याने हे बरेच लांबते. काच पुसण्याऐवजी हूडमध्ये कोरडा, किंचित कोमट कपडा काही वेळ धरावा.

संपादन करताना ‘डीहेझ’ची (धुरके पुसून टाकणाऱ्या सोयीची) पट्टी कमीत कमी सरकवावी. तिने दूरचे डोंगर क्षणात उठून दिसतात, परंतु आकाशातील रंग कृत्रिम होतात, दाणे वाढतात आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी जी हवा होती ती चित्रातून निघून जाते. मालिकेतील सर्व चित्रांना एकच मापे लावावीत. दुसऱ्या दिवसाचे आकाश आणून बसवणे या प्रकारच्या कामात मला सर्वथा अमान्य आहे.

परवानग्यांविषयी काळजी घ्यावी. रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी ट्रायपॉड लावू नये, आणि धुक्यातून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचे चित्र कितीही मोहवत असले तरी रुळांजवळ उतरू नये. स्थानकाजवळच्या रस्त्यावरील पुलावरून ते सुरक्षितपणे घेता येते. कुलाब्याची नौदलाची ठिकाणे आणि तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या दिशेने कॅमेरा रोखू नये. ड्रोनवर मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि विमानतळांमुळेही मोठा भाग प्रतिबंधित आहे. हवेचा निर्देशांक फार वाईट असलेल्या सकाळी एन ९५ मुखपट्टी वापरावी. दमा असेल तर अशा दिवशी गच्चीवरचे काम खिडकीतून करावे, चौकट तीच ठेवता येते.

शेवटचा प्रश्न लेन्सचा. आपल्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारी, किटमधली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे असे आपण लिहिले आहे. या विषयासाठी तिच्यापेक्षा अधिक वाइड लेन्स घेऊ नये, कारण तिने डोंगर लहान होतात आणि रिकामे आकाश वाढते. ७०-३०० मिलिमीटरची साधी, वापरलेली झूम लेन्स पुरेशी आहे, कारण धुरक्यात अतिमहाग काचेची बारीक तीक्ष्णता तशीही पोहोचत नाही. त्यातून वाचलेले पैसे जड आणि स्थिर ट्रायपॉडवर खर्च करावेत, आणि गच्चीवर त्याच्या तिन्ही पायांच्या जागा रंगाने खुणावून ठेवाव्यात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी गेल्याची हवामान विभागाची घोषणा झाली की त्याच आठवड्यात मालिकेचे पहिले चित्र घ्यावे.